चौदा महिन्यांनी पुन्हा प्यायलो, आता देवापुढे कोणत्या तोंडाने जाऊ?

प्रश्न: मी नगर जिल्ह्यातला, वय ३६. चौदा महिने दारूला शिवलो नव्हतो. ईस्टरला मंडळीपुढे उभं राहून साक्ष दिली, तरुण संघाचं काम हाती घेतलं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण एका प्रार्थना सभेत ‘विश्वास आहे ना, मग गोळ्या कशाला?’ असं ऐकलं आणि बंद केल्या. गेल्या महिन्यात मावसभावाच्या हळदीच्या रात्री घेतली. तेव्हापासून तीन आठवडे रोज संध्याकाळी लपून घेतोय. एक क्वार्टर, कधी दोन. बायकोला संशय आहे. देवळात जाणं बंद केलंय. देवाने मला टाकलं का? माझं तारण खोटंच होतं का? कधी वाटतं सकाळी उठूच नये. पाळकांना सांगू का? नाताळ तोंडावर आलाय.

उत्तर:

सलाम भाऊ.

सर्वांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: सकाळी उठूच नये असं वाटतं. मी तिथूनच सुरुवात करते, देवाचं आणि मंडळीचं नंतर बोलू. दारू मनाला खाली ओढते, आणि सुटलेली दारू पुन्हा लागल्यावर लाज तिच्या जोडीला येते. या दिवसांत असे विचार अनेकांना येतात. ते आले म्हणजे विश्वास आटला असं समजू नका. बायबलमधला एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून ‘पुरे झालं, माझा प्राण घे’ म्हणाला, तेव्हा देव त्याच्यावर रागावला नाही. त्याला झोपू दिलं, देवदूताकरवी भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याच्या नंतर कितीतरी दिवसांनी आला. तेव्हा आज रात्री एकटे राहू नका. विचार जोर धरतोय असं वाटलं तर १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नशेबद्दल विचारायला १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे.

दुसरी गोष्टही आजचीच. तीन आठवडे रोज पिणाऱ्या माणसाने ‘उद्यापासून उपास, प्रार्थना आणि थेंब नाही’ असं ठरवून खोलीत बंद होणं धोक्याचं असतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, मळमळ सुरू होऊ शकते. फिट येणार असेल तर ती बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ओरडणं, पळणं, अंगात ताप. अशा माणसाला दवाखान्यात न नेल्यास जीव जाऊ शकतो. हे एवढं सांगायचं कारण असं की आपल्या समाजात या अवस्थेला पुष्कळदा भूतबाधा समजतात. माणूस विटीसारखा इकडून तिकडे फेकला जातोय, काहीबाही बोलतोय, आणि भोवती बसलेली मंडळी तासन्‌तास सैतानाला धमकावतायत. माझी कळकळीची विनंती आहे की अशा वेळी प्रार्थना गाडीत बसून करा आणि गाडी दवाखान्याकडे जाऊ द्या.

तुमचं पिणं या खेपेला तीनच आठवड्यांचं आहे, त्यामुळे त्रास सौम्यही राहील. पण पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, सकाळी उठल्यावर हात कापत असतील, तर घरी प्रयोग नको. जिल्हा रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे उद्याच जा. किती पिता ते खरं सांगा, अर्ध्यावर आणून सांगू नका, कारण गोळ्यांचं प्रमाण त्यावर ठरतं. बी-वन जीवनसत्त्व म्हणजे थायमिन देतील, ते टाळू नका. पिणाऱ्याच्या शरीरात ते बहुधा कमी पडलेलं असतं, आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते.

देवाने तुम्हाला टाकलेलं नाही. मी हे धीर देण्यापुरतं म्हणत नाही. येशूचा शिष्य पेत्र याने अंगणातल्या विस्तवापाशी येशूला तीनदा नाकारलं, ते त्याच रात्री ‘मी तुला मुळीच नाकारणार नाही’ असं सगळ्यांसमोर सांगितल्यावर. म्हणजे त्याचीही आधी साक्ष झाली होती आणि मग पडणं झालं. मार्काच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी स्त्रियांना निरोप मिळतो: जा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. पेत्र शिष्यांपैकीच होता, तरी त्याचं नाव वेगळं घेतलं गेलं. ‘शिष्यांना सांगा’ एवढाच निरोप असता तर पेत्राला वाटलं असतं की आपण आता त्यांत मोडत नाही. तुम्हाला आज तेच वाटतंय, म्हणून तो निरोप तुमच्यासाठीही आहे.

ते चौदा महिने खोटे होते का? नाही. त्या काळात तुमचं यकृत सावरलं, घरात पगार आला, तुमची मुलं असतील तर ती रात्री न दचकता झोपली. एका रात्रीने हे पुसलं जात नाही. उलट तुम्हाला आज एवढा त्रास होतोय तो त्या महिन्यांमुळेच. पूर्वी पिताना हा त्रास होत नव्हता.

इथे एक इतिहास सांगते, कारण मंडळीत तो फारसा सांगितला जात नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, आपण ज्याला ‘एए’ म्हणतो, ती दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संस्था अमेरिकेतल्या ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या मुशीतून निघाली. मे १९३५ मध्ये नुकतीच दारू सोडलेला बिल विल्सन कामासाठी अ‍ॅक्रन शहरात आला होता. सौदा फिसकटला, हॉटेलातल्या बारचा आवाज कानावर येत होता. त्याने बारकडे न जाता एका पाळकाला फोन केला: मला दुसरा एखादा दारुडा भेटवा, त्याच्याशी बोललो तर मी वाचेन. त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी भेट झाली. बॉबची दारू सुटली. थोड्याच आठवड्यांत तो एका वैद्यकीय अधिवेशनाला गेला आणि तिथे पुन्हा प्यायला. परत आल्यावर बिल आणि बॉबच्या पत्नीने त्याला सावरलं. त्याचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा मानतात, आणि तोच दिवस एएचा स्थापना दिवस म्हणून पाळला जातो. म्हणजे जगभर लाखो लोकांना उभं करणारी ही संस्था आपला वाढदिवस तिच्या संस्थापकाच्या रिलॅप्सनंतरच्या, म्हणजे पुन्हा घसरल्यानंतरच्या दिवसावरून मोजते. बॉब पुढे १९५० मध्ये वारला, तोपर्यंत प्यायला नाही.

अमेरिकेतली व्यसनांवरची राष्ट्रीय संशोधन संस्था व्यसनात पुन्हा घसरणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगते आणि उच्च रक्तदाब, दमा अशा जुनाट आजारांच्या जवळपासचं मानते. हा आकडा मी बायका-मुलांना आधार म्हणून सांगते. पिणाऱ्याला सांगताना जपून सांगते, कारण दारू अशा आकड्याचाही परवाना करून घेते.

तुमच्या मजकुरातला मला सर्वांत जास्त टोचलेला भाग हळदीची रात्र नाही. त्या रात्रीनंतरचे तीन आठवडे आहेत. अ‍ॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हे नीट मांडलं: पहिला घोट माणसाला जितका पाडत नाही, तितका त्या घोटाचा त्याने लावलेला अर्थ पाडतो. ‘मी मोडलो, आता सगळंच गेलं’ असं एकदा ठरलं की दुसऱ्या दिवशी थांबायला कारणच उरत नाही. ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत या विचाराला धर्माची भाषा मिळते आणि तो जास्त घट्ट बसतो: माझं तारण गेलं, मी पवित्र आत्म्याला दुःख दिलं, मी ढोंगी आहे. मग त्या दुःखावर पुन्हा क्वार्टर. पश्चात्ताप वाटतोय असं तुम्हाला वाटतं, पण तुम्हाला बाटलीकडे नेणारी भावना पश्चात्ताप नसते. ती लाज असते. पश्चात्तापाने येशूच्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्राला घराच्या वाटेला लावलं. तुमची लाज तुम्हाला देवळापासून दूर नेतेय.

आपल्याकडे लपण्याला आणखी एक कारण आहे. नगरकडे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनने मंडळ्या उभ्या केल्या आणि दारूबंदीचा आग्रह त्यांच्या शिकवणीत मुरलेला आहे. त्या शिस्तीने कित्येक घरं वाचवली, मी तिचा मान ठेवते. पण पिणं हे जिथे केवळ पाप म्हणून ओळखलं जातं, तिथे आजारी माणूस उपचाराला येण्याआधी लपायला शिकतो. वसई-मुंबईकडच्या कॅथलिक घरांत अडचण उलटी असते. तिथे सणाच्या टेबलावर बाटली उघडी असते, आणि ‘एवढ्याने काय होतं’ म्हणणारे सगळे आपलेच असतात.

तर पाळकांना सांगायचं का? होय, पण क्रम पाळा. पहिल्यांदा पत्नीला. तिला संशय आहे, म्हणजे ती रोज रात्री तुमच्या तोंडाचा वास घेत जागी राहतेय. तिला आज संध्याकाळी पिण्याआधी सांगा. ‘सैतानाने पाडलं’, ‘भावकीने आग्रह केला’ यातलं काही जोडू नका. ‘हळदीच्या रात्री घेतली, तेव्हापासून रोज घेतोय, मला डॉक्टरकडे जायचंय, सोबत चल’, एवढंच पुरे. ती रडेल, बोलेल. ऐकून घ्या.

मग पाळक. ते गुपित राखणारे आहेत हे तुम्हाला माहीत असेल तर त्यांना, नाहीतर मंडळीतल्या एखाद्या पोक्त, तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाला. आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणजे तुम्ही बरे व्हाल, असं बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब लिहितो. बरं होण्याचा संबंध त्याने थेट एका माणसासमोर बोलण्याशी लावलाय. सगळ्या मंडळीपुढे उभं राहण्याची गरज आत्ता मुळीच नाही. कॅथलिक वाचकांना पापनिवेदनाची सोय आहेच आणि तिथलं गुपित मोडायचा अधिकार फादरांनाही नाही. पण पापनिवेदन करून बाहेर आल्यावर एका जिवंत, फोन उचलणाऱ्या माणसालाही सांगा. मध्यरात्री तलफ येते तेव्हा तोच कामाला येतो.

तरुण संघाचं काम वर्षभरासाठी सोडा. पाळकांना तसं स्वतः सांगा. ही शिक्षा नाही. चार-सहा महिने दारू सुटलेल्या माणसाला माईक हातात देऊन साक्षीला उभं करणं आणि लगेच पुढारी करणं, ही आपल्या मंडळ्यांची मोठी चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. टाळ्या पडतात, आणि त्या दिवसापासून त्या माणसाला ‘आज मला तलफ आली’ असं म्हणायची जागा उरत नाही. ‘प्रभूने एका क्षणात सोडवलं’ असं झालेली माणसं मी पाहिली आहेत, ते खोटं नाही. पण डब्लिनचा हमाल मॅट टॅलबॉट, ज्याला कॅथलिक मंडळीने १९७५ मध्ये ‘पूजनीय’ जाहीर केलं, त्याने १८८४ मध्ये आधी फक्त तीन महिन्यांची शपथ घेतली होती. मग मुदत वाढवत गेला. १९२५ मध्ये मरेपर्यंत एक्केचाळीस वर्षं त्याने दारूला स्पर्श केला नाही. गुत्त्यात शिरायचा मोह होऊ नये म्हणून तो खिशात पैसेच ठेवत नसे. आज तुमच्या खिशात फोन आहे आणि प्रत्येक वाइन शॉपच्या काउंटरवर क्यूआर कोड. तेव्हा पत्नीला स्वतः म्हणा की काही महिने यूपीआय तुझ्या फोनवर राहू दे, मी रोजच्या खर्चापुरते पैसे घेईन. मागणी तुमच्याकडून गेली पाहिजे. तिने हिसकावून घेतलं तर ती पोलीस होते आणि तुम्ही पळवाट शोधणारे.

गोळ्यांबद्दल. तुम्हाला ‘गोळ्या कशाला’ म्हणणारी व्यक्ती स्वतः चष्मा लावत असेल, बीपीची गोळी घेत असेल. तुमची कोणती गोळी होती ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही प्रकारांबद्दल सांगते. नाल्ट्रेक्झोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट तलफ कमी करतात. नाल्ट्रेक्झोन सुरू करण्याआधी यकृताची तपासणी करतात. डायसल्फिरम वेगळी आहे. ती घेतलेल्या माणसाने दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळू शकतो, आणि गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. म्हणून घरात जुनी पाकिटं पडली असतील तर स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नका, आणि पत्नीने चहात किंवा भाजीत नकळत घालू नये. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींच्या पावडरी तर घरातच आणू नका. आत काय आहे ते ठाऊक नसतं, आणि नवऱ्याला कळलं की उरलासुरला विश्वास जातो. प्रभुभोजनाच्या प्याल्यात द्राक्षरस आहे की वाइन हे पाळकांना आधी विचारून घ्या. पुष्कळ मंडळ्यांत रसच असतो. कॅथलिकांनी केवळ भाकरीच्या रूपात ख्रिस्तशरीर घेतलं तरी ते पूर्ण मानलं जातं, त्यामुळे प्याला नाकारण्यात काही कमीपणा नाही.

मत्तय आणि लूक या दोघांनी येशूचं एक वचन नोंदवलंय. अशुद्ध आत्मा माणसातून निघतो, भटकतो, आणि परत येऊन पाहतो तर घर झाडलेलं, सजवलेलं आहे. मत्तय एक शब्द अधिक सांगतो: रिकामं. मग तो आपल्यापेक्षा वाईट असे आणखी सात घेऊन येतो. व्यसनमुक्तीचं काम करताना मला या वचनाचा पुन्हा पुन्हा प्रत्यय येतो. दारू गेली की दिवसाचे चार तास रिकामे होतात, मित्र जातात, संध्याकाळ जाते. तुम्ही ती जागा मंडळीच्या कार्यक्रमांनी भरलीत, आणि तिथे तुम्ही सतत देणारे होतात. तुम्हाला कोण विचारत होतं? आठवून पाहा, हळदीच्या आधीचे दोन महिने कसे गेले. गोळ्या बंद झाल्या होत्या. झोप? कोणावर राग धरून होतात? उपाशी, दमलेले, एकटे होतात? प्रार्थना लोकांसमोर होत होती आणि एकट्याने बंद पडली होती? घसरण बहुतेक वेळा ग्लासच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते, आणि ती कुठून सुरू झाली हे सापडेपर्यंत समुपदेशकासोबत हा काळ दिवसवार लिहून काढा. लिहायला चार-पाच दिवस लागले तरी चालेल.

मग ती जागा कशाने भरायची? एएच्या सभेने. नव्वद दिवस रोज जमलं तर उत्तम. गावात सभा नसेल तर फोनवर आणि ऑनलाइन मराठी सभाही होतात. तिथे ‘आज माझा पहिला दिवस’ म्हणायला लाज वाटत नाही, कारण समोरच्यानेही ते म्हटलेलं असतं. दाखल होण्याची गरज डॉक्टरांना वाटली तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे, तिथे दारू सोडण्याच्या एएच्या बारा पायऱ्यांसोबत योगासनंही असतात. मुक्तांगण ख्रिस्ती नाही म्हणून अडखळू नका. येशूच्या गोष्टीत जखमी माणसाला उचलणारा परक्या समाजातला शोमरोनी होता, आणि येशूने त्याचंच उदाहरण दिलं. सकाळी स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्याने वाचा, कामाला जा, संध्याकाळी सहा ते नऊ घरात एकटे राहू नका. तुमची पिण्याची वेळ तीच आहे.

हे पुढचं पत्नीला वाचायला द्या.

ताई, क्षमा करणं आणि विश्वास ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा तुम्ही आज करू शकाल किंवा नाही. विश्वास त्यांनी महिनोन्‌महिने वागून कमवायचा आहे. क्षमा केली म्हणून पैसे हातात द्यायचे, ऑफिसात खोटं सांगायचं, उधारी फेडायची, असं काही नाही. बाटल्या शोधत कपाटं उपसू नका, त्याने दारू सुटत नाही आणि तुम्ही झिजता. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा असतात, तिथे जा. आणि हात उचलला जात असेल, तर ‘पत्नीने अधीन राहावं’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. बायबलच्या त्याच अध्यायात पतीने पत्नीवर ख्रिस्तासारखी प्रीती करावी असं प्रेषित पौल लिहितो, जीव देण्याइतकी. मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा. १८१ ही महिलांसाठी मदतवाहिनी आहे, तातडीला ११२.

राहिला नाताळ. भाऊ, या वर्षी मावसभावाकडे जेवायला जाऊ नका. कोणी विचारलं तर ‘औषध चालू आहे’ एवढं सांगा, ते खरंच असेल. उपासनेला मात्र जा, मागच्या बाकावर बसा, पत्नीशेजारी. सव्वीस ते एकतीस डिसेंबर हे सहा दिवस मोकळे सोडू नका: कोणत्या संध्याकाळी कोणती सभा, कोण घरी येणार, हे आत्ताच कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजवर लावा. टाळताच येणार नाही असं एखादं घर असेल तर पोटभर खाऊन जा, स्वतःच्या गाडीने जा आणि दिवसा जा. पत्नीशी आधी ठरवून ठेवा, की तुम्ही ‘निघू या’ म्हणालात तर तिने का म्हणून विचारायचं नाही, लगेच उठायचं.